मर्सीच्या खड्यांची गौर

मर्सी नदीच्या काठाने आता ठिकठिकाणी लाकडी खुंट रोवले आहेत आणि प्रत्येक खुंटावर एक पिवळा कान रंगवला आहे. कानाखाली तो ठिपक्याठिपक्यांचा काळा चौकोन. त्यावर फोन धरला की कानात घातलेल्या इअरफोनच्या बोंडांतून नदी बोलू लागते. नदी म्हणजे एक नट. आवाज चांगला आहे, खालच्या पट्टीतला, कोणीतरी गेल्याची बातमी हळूच सांगावी तसा. "तुम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून मी वाहत आहे," असं तो म्हणतो. इतक्या बायकांनी जिच्यात हात बुडवले त्या नदीला पुरुषाचा आवाज का दिला, हा मुद्दा कुठल्यातरी बैठकीत निघाला असणार आणि बिस्किटं आल्यावर राहून गेला असणार.

मी लंडनच्या एजवेअरहून सकाळी निघाले, मँचेस्टरला ट्राम पकडून डिड्सबरीला उतरले आणि आता पहिल्या कानापाशी उभी आहे. पहिल्या कानात हिमयुग आहे. दुसऱ्यात रोमन सैनिक चिखलातून चालतात; त्यांच्या पावलांचा आवाज कोणीतरी ओला स्पंज पिळून काढला असावा. मग पूर, मग बांध, मग गिरण्या. आमचं बालपण पुढे, पुलाच्या अलीकडे. इंग्लंडचा सगळा इतिहास ओलांडल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. तक्रार नाही. तेव्हाही तसंच होतं.

नाकाला मात्र खुंट लागत नाही. बांधावरून खाली उतरलं की तो वास येतोच: गोडसर, थोडा औषधी, ओल्या मातीत मिसळलेला. माणसाएवढा उंच वाढलेला गुलाबी तेरडा. भाद्रपदात दोन्ही काठ त्याने भरून जातात. आपल्याकडच्या तेरड्याचा हा थोराड चुलतभाऊ. कोणा हौशी साहेबाने हिमालयातून बागेत आणला आणि तो कुंपण ओलांडून पसार झाला. काठावरच्या फलकावर त्याचं वर्णन आहे: परदेशी, आक्रमक, स्थानिक झाडांची जागा बळकावणारा, दिसल्यास उपटावा. रविवारी हातमोजे घातलेली सज्जन माणसं येऊन तो उपटतात आणि मग थर्मासमधला चहा पितात. आई होती तेव्हा एकदा या फलकासमोर चष्मा पुसून उभी राहिली, सगळं वाचलं आणि मला म्हणाली, "आपल्याबद्दल आहे का गं?"

त्याच्या फुगलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फुटते आणि बिया उडतात. मी आत्ता आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं, आणि एक फोडली. साठी उलटलेल्या बाईने परदेशी आक्रमकाचं बीज पसरवलं. आवाज तोच, कोणीतरी बंद ओठांतून हसल्यासारखा.

मी इथे आले तेव्हा आठ वर्षांची होते. बाबा इस्पितळात कामाला लागले होते आणि आम्हाला लाल विटांच्या घरांच्या रांगेतलं एक घर मिळालं होतं. शेजारच्या दारात सुमतीकाकू. त्यांचे यजमान अप्पाही त्याच इस्पितळात. त्यांची वंदना माझ्याहून लहान, इथेच जन्मलेली. तेव्हा या भागात मराठी घरं इतकी विरळ होती की दोन घरांमध्ये अख्खं इंग्लंड पसरलेलं असायचं. आमचं आणि काकूंचं घर मात्र एका भिंतीने जोडलेलं होतं. भिंत पातळ होती. आईने फोडणी केली की पलीकडून काकू विचारायच्या, "हिंग कुठे मिळाला?"

पहिला भाद्रपद आला तेव्हा या दोघींना गौरीची काळजी पडली. दोघींच्याही घरी खड्याच्या गौरी. मुखवटा नाही, साडी नाही. वाहत्या पाण्यातले सात खडे कुमारिकेने उचलायचे, तबकात घेऊन मुक्याने घरी यायचं. पाण्यापासून उंबरठ्यापर्यंत एक शब्द नाही, मागे वळून पाहणं नाही. मध्ये बोललं की ती गौर मोडली. परत जायचं, खडे पाण्यात सोडायचे आणि दुसरे उचलायचे. इतका साधा देव परदेशात न्यायला सोपा, असं कोणालाही वाटेल. पण त्याला नदी लागते.

तेव्हा मुलगी पाहायला जावं तशा दोघी नदी पाहायला गेल्या. आम्हाला बरोबर नेलं. मर्सी त्या काळी दाखवण्यासारखी नव्हती. पाण्यावर साबणाचा पिवळट फेस तरंगत होता आणि वाऱ्याने त्याचे गोळे उडून कुंपणाला चिकटत होते. वास असा, की आईने पदर नाकाला लावला. काकू वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"रूप नाही," त्या म्हणाल्या. "पण वाहती आहे ना? वाहत्या पाण्याला दोष नसतो."

"यात हात घालायचा पोरींनी?"

"घरी गेल्यावर धुऊ. हातही आणि गौरही."

मग आईला तो तेरडा दिसला. ती तशीच झुडपांत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नुसती पानं हलत होती. काकूंनी आम्हाला दुसरीकडे बघायला लावलं, बदकं दाखवली. आई बाहेर आली तेव्हा तिच्या कोटाच्या खांद्यावर गुलाबी पाकळ्या होत्या आणि हातात जुडी होती. "फूल मोठं आहे," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरचे सगळे भाद्रपद माझ्या मनात एकमेकांत कालवले गेले आहेत. एकच लांब ओली दुपार आहे आणि तीत मी कधी आठ वर्षांची असते, कधी बारा. शाळेचा गॅबर्डिनचा कोट, खाली परकर, पायात वेलिंग्टन बूट. पूल संपतो तिथे वळणावर पाणी उथळ व्हायचं आणि गोट्यांचा एक पट्टा उघडा पडायचा. त्यातले खडे निवडताना काकूंच्या सूचना काठावरून येत असत. चपटा नको. तडकलेला नको. "अगं, तो विटेचा तुकडा आहे, गौर नव्हे!" पाणी इतकं गार, की बोटं आपली वाटेनाशी व्हायची. मग तबकात खडे, वर तेरडा, वर हळदकुंकू, त्यावर पाऊस. आणि ते लाल-पिवळं पाणी तबकाच्या काठाने वाहून कोटाच्या बाहीत शिरायचं. त्या कोटाची उजवी बाही आतून कायमची पिवळी झाली होती.

मुकेपण ही खरी अडचण. इंग्लंडात रस्त्यावर कोणी कोणाशी बोलत नाही म्हणतात, ते मँचेस्टरला लागू नाही. बसथांब्यावरची म्हातारी, पोस्टमन, कुत्रा घेऊन निघालेले गृहस्थ, प्रत्येकजण "हेलो लव्ह" म्हणणार. उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. यावर आमच्या आयांनी तोडगा काढला. काकूंच्या थर्मासमधून आम्हाला घोटभर पाणी देत. ते गिळायचं नाही, तोंडात धरायचं. गाल फुगवून, हातात फुलांचं तबक घेऊन, आम्ही दोघी शाळेच्या कोपऱ्यावरून जायचो. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईने एका वर्षी हातातली पाटी उभी करून सगळी वाहतूक थांबवली आणि आईला अत्यंत गंभीरपणे म्हणाली, "मिसेस, दोघींनाही गालगुंड झालंय. यांना घरी ठेवा." आईने मान हलवली. तिच्याही तोंडात पाणी होतं.

दारात दुधाची बाटली तयार असायची, पहाटे गवळी ठेवून जायचा ती, चंदेरी झाकणाची. वेलिंग्टन काढून आम्ही पायरीवर उभ्या राहायचो आणि काकू आमच्या पायांवर दूध-पाणी घालायच्या. समोरच्या घरातला पडदा हलायचा. मग आतून प्रश्न यायचा, "गौर आली का?" आणि त्या वेळी तोंडातलं पाणी पायरीशेजारच्या गुलाबावर थुंकून आम्ही ओरडायचो, "आली!" कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. मग घरभर फिरवणं. हे काय? स्वयंपाकघर. कसं आहे? भरलेलं आहे. हे काय? झोपायची खोली. कशी आहे? भरलेली आहे. जिन्याखालची कोळशाची खोलीसुद्धा दाखवली जायची आणि तीही भरलेली आहे असं सांगितलं जायचं, जे बहुधा खोटं असायचं. संध्याकाळी भाजीभाकरी, दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं. रॉकेलच्या हीटरचा वास, नारळाच्या दुधाचा वास, वाळत घातलेल्या कोटांचा वास. तिसऱ्या दिवशी खडे परत मर्सीत. तेरड्याचा रंग तीन दिवस. इतरांना ती म्हण होती, आम्ही ती जशीच्या तशी जगून पाहिली.

माझा देवावर फारसा विश्वास नाही आणि तेव्हाही नव्हता. पण पाण्यापासून दारापर्यंतच्या त्या वाटेवर जे ऐकू यायचं ते मला दुसरीकडे कुठे ऐकू आलं नाही. तोंड बंद असलं की कान किती मोठे होतात! बुटात पाणी चुबकण्याचा आवाज. वंदनाच्या नाकातून येणारी शीळ. तबकात खड्यावर खडा सरकल्याची बारीक टकटक. लांब कुठेतरी दूधगाडीतल्या बाटल्या.

मुली मोठ्या झाल्या आणि एकेक करून निघून गेल्या. मी लंडनला, वंदना ग्लासगोला. बाबा गेले, अप्पा गेले, मग आई. आमचं घर विकलं. काकू मात्र राहिल्या आणि स्वतःच गौर आणू लागल्या. कुमारिका नव्हे, सवाष्णही नव्हे. पण शास्त्र विचारायला उरलं होतं कोण? नदी मात्र या वर्षांत स्वच्छ होत गेली. फेस गेला, मासे आले, माशांमागे बगळे आले. "आता रूप आलंय," काकू फोनवर सांगायच्या, "तर बघायला कोणी नाही."

दोन वर्षांमागे त्यांचा फोन आला. त्यांचंही घर आता विकलं गेलं होतं. वंदना त्यांना ग्लासगोला नेणार होती.

"कौन्सिलची माणसं नदीबद्दल विचारायला येणार आहेत," त्या म्हणाल्या. "तू ये. मला इंग्लिश येतं गं, पण त्यांना माझं समजत नाही. आणि नेमकी गौरीच्या दिवशी येतायत. या घरातली शेवटची आहे. ती नीट आली पाहिजे, मग मी जायला मोकळी. वंदना म्हणते, इथल्या टॅपखाली धर ना चार खडे. टॅपखाली म्हणे!"

मी गेले. घरात खोकी रचलेली होती. आलेली माणसं म्हणजे गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकवलेले एक गृहस्थ आणि टेस. गृहस्थ "कम्युनिटी" हा शब्द दर वाक्यात वापरत होते आणि तो वापरताना आमच्याकडे बघत होते. टेस ऑस्ट्रेलियाची, चाळिशीची, बसक्या आवाजाची. तिची आजी तिकडच्या एका नदीकाठच्या मूळ लोकांतली. त्या नदीवर तिने असेच चालत ऐकण्याचे मार्ग केले होते, म्हणून तिला इथे बोलावलं होतं.

"म्हणजे आदिवासी?" काकूंनी मला मराठीत विचारलं.

"हो."

"मग हिला आधी खायला दे."

टेसने सांगितलं, तिकडे पहिला आवाज नेहमी त्या लोकांतल्या वडीलधाऱ्यांचा असतो. त्यांना आधी विचारावं लागतं: काय सांगायचं, काय नाही, कोणी सांगायचं. इथे आल्यावरच्या पहिल्या बैठकीत तिने सवयीने विचारलं, या नदीचे वडीलधारे कोण, परवानगी कोणाची घ्यायची? सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एकजण म्हणाला, बहुतेक पाणीपुरवठा खात्याची.

काकू खूप हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुझी आजी नदीला काय म्हणायची?" टेसने एक शब्द सांगितला. काकूंनी तो सावकाश म्हणून पाहिला, चुकला, पुन्हा म्हटला. दुसऱ्या वेळी टेसने मान डोलावली.

पुलापर्यंत जाताना काकूंच्या कॉलरला माइक लावला होता आणि त्या अखंड बोलत होत्या. फेस, बदकं, गालगुंड, विटेचा तुकडा, सगळं. गृहस्थ खुशीत होते. पाण्याशी पोचल्यावर काकू म्हणाल्या, "नाऊ आय विल नॉट टॉक टिल माय हाउस."

"आणि मग लोक काय ऐकणार?" गृहस्थांनी विचारलं. "मिनिटंच्या मिनिटं काहीच नाही? लोकांना वाटेल, फोन बिघडला."

"माझ्या आजीच्या नदीवर एक जागा आहे," टेस म्हणाली. "तिथे आम्ही काही ठेवलेलं नाही. बायकांनी सांगितलं, इथलं आमचं आम्ही ठेवू. तिथे नुसती नदी ऐकू येते."

काकू तोवर वाकल्या होत्या. मी त्यांच्या कमरेला धरलं. खडे निवडायला त्यांनी वेळ घेतला. काठावरून ओरडणारं कोणी नव्हतं. सात खडे, तेरडा, हळदकुंकू. आम्ही निघालो. त्यांच्या तोंडात पाणी नव्हतं. हल्ली ठसका लागायचा. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने तबक छातीशी. मी शेजारून, टेस मागून, गृहस्थ त्याच्याही मागून चवड्यांवर. बांध चढलो. काकूंना धाप लागली होती, पण चेहरा असा होता की मी हात पुढे केला नाही. वळण आलं आणि झाडाआडून एक सायकलवाला सुसाट आला. त्याचं हँडल काकूंच्या कोपराला घासलं, तबक हललं, आणि काकू म्हणाल्या:

"सॉरी!"

सायकलवाला वळूनही न बघता निघून गेला. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

"मेली जीभ!" काकू म्हणाल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक त्याची, धक्का मला, आणि सॉरी मीच म्हणायचं! उभा जन्म या देशात काढला, दुसरं काही अंगाला लागलं नाही, हे मात्र लागलं."

गृहस्थ पुढे आले. ते खरोखर दयाळू होते. "काही हरकत नाही," ते म्हणाले, "तेवढा शब्द आम्ही कापून टाकू. कोणाला कळणार नाही."

काकूंनी तबकाकडे बोट दाखवलं. "शी हर्ड," त्या म्हणाल्या.

आम्ही त्यांना बाकावर बसवलं. परत पाण्यापर्यंत जाणं आणि पुन्हा बांध चढणं त्यांना शक्य नव्हतं, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. त्यांनी तबक मांडीवर ठेवलं. पेच शास्त्राचा नव्हताच. या घरातली शेवटची गौर अर्ध्या रस्त्यात मोडून पडली होती आणि नदीकडे जाणारे पाय आता त्यांचे नव्हते.

"तू जातेस?" त्यांनी विचारलं.

"काकू, माझं वय काय, माझे गुडघे काय. मी कुमारिका नाही, नवऱ्याला सोडूनही काळ लोटला. वर माझा विश्वास नाही."

"विश्वास कोण विचारतंय तुला? तोंड बंद ठेवता येतं का, ते सांग."

"ते येतं."

"मग जा. आणि चपटा नको."

टेसने काकूंच्या कॉलरचा माइक काढला आणि न विचारता माझ्या कॉलरला लावला. मी बांध उतरले. ते सात खडे मी पाण्यात सोडले आणि वाकले. पाणी तेवढंच गार होतं. आता ते इतकं निवळ होतं की तळाचा प्रत्येक खडा दिसत होता आणि त्यामुळे निवडणं उलट अवघड झालं. तेव्हा हाताला लागेल ते वर काढायचो आणि काठावरून काकू ठरवायच्या. मी निवडले, फुलं ठेवली, आणि तोंड बंद करून चालू लागले.

या वेळी माझ्या सोबत कोणी नव्हतं. पण तबकात खड्यावर खडा सरकला आणि इतक्या वर्षांनी ती टकटक पुन्हा ऐकली तेव्हा मला वंदनाच्या नाकातली शीळ, आईच्या चपलांचा चिखलात रुतण्याचा आवाज, सगळं जिथल्या तिथे ऐकू आलं. कुत्रा घेऊन निघालेल्या एका बाईने "लव्हली फ्लॉवर्स!" म्हटलं. मी मान हलवली. बाकाशी पोचले तेव्हा काकू उठल्या, माझ्या कोपराला धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं, जणू मीच बोलणार होते. आम्ही दोघी घरापर्यंत आलो. टेस रस्त्याच्या कडेला चालत सायकलवाल्यांना हाताने थांबवत होती. एकालाही तिने सॉरी म्हटलं नाही.

दारात दूध प्लॅस्टिकच्या डब्यातलं होतं. काकूंना वाकता येईना, म्हणून टेसने माझ्या पायांवर घातलं. गौर आली का? आली. कशाच्या पावलांनी? सोन्याच्या. मग काकूंनी तबक स्वतःकडे घेतलं आणि घर दाखवायला निघाल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. आत एक किटली आणि तीन कप, बाकी सगळं खोक्यांत.

"हे काय?" मी विचारलं. विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"स्वयंपाकघर."

"कसं आहे?"

काकूंनी आत बघितलं. खोटं बोलायची त्यांची तयारी होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्या गौरीला म्हणाल्या, "भरलेलं होतं, बाई. तू पाहिलंयस. या टेबलाला एका वेळी अकरा माणसं जेवली आहेत, दोघं खिडकीत बसून." पुढच्या खोलीत: "इथे अप्पा रेडिओ लावून झोपायचे आणि बंद केला की जागे व्हायचे." वरती: "ही वंदनाची. हिच्या भिंतीला कान लावून दोघी एकमेकींना निरोप द्यायच्या, आणि आम्हाला वाटायचं अभ्यास चाललाय." जिन्याखाली: "इथे कोळसा. तो कधीच पुरला नाही. तुला सांगायचे भरलंय म्हणून. राग मानू नकोस." त्या मराठीत बोलत होत्या. गृहस्थांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वंदना गाडी घेऊन आली. पाऊस लागला होता. मी विचारलं, "काकू, खडे सोडून येऊ का नदीत?" त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. "नको," म्हणाल्या, "ते माझं मी बघते." मला वाटलं, मागच्या अंगणात ठेवले असतील, काही घरांत तसंही करतात. किल्ल्या दिल्या, गाडी गेली.

रात्री वंदनाचा फोन आला. "आईने ना, मला सामान उतरवू नाही दिलं. आधी नदी दाखव म्हणाली. आय वॉज सो टायर्ड, एवढा ड्राइव्ह केलेलं. क्लाइडच्या काठी गाडी लावली, तर हिने पर्समधून रुमाल काढला, त्यात ते स्टोन्स. खाली उतरायला जागा पण नीट नव्हती. मी हात धरला आणि तिने एकेक करून सोडले. मी म्हटलं, आई, हे मर्सीचे आहेत ना, इथे कशाला?"

"मग?"

"म्हणाली, नव्या गावात आपल्या ओळखीचं कोणीतरी आधी जाऊन राहिलेलं बरं. मी म्हटलं, नेक्स्ट इयर तू तेच सात शोधत बसणार का? तर म्हणते, मी कशाला शोधू? त्यांना मी दिसले की झालं."

आता मी पुलाच्या अलीकडच्या कानापाशी आहे. काकूंचा आवाज फेसाबद्दल, बदकांबद्दल बोलतो आणि पाण्याशी येऊन थांबतो. मग नटाचा आवाज विनयाने कळवतो की यानंतर काही मिनिटं कोणी बोलणार नाही, आपला फोन बिघडलेला नाही. ही त्या गृहस्थांची अट. सॉरी कापलेलं आहे. त्यानंतर माझे बूट, माझा श्वास, खडे. पुढे एक तरुण जोडपं बोंडं घालून चालत होतं. बांध चढेपर्यंत दोघंही काही बोलली नाहीत.

शेवटचा कान काकूंच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. घराला नवं दार लागलंय, निळं. कानात काकू मराठीत खोल्या दाखवतात, भाषांतर न करता; टेसने तेवढं भांडून मिळवलं. समोरच्या खिडकीत कोणाचं तरी बाळ काचेला हात टेकून माझ्याकडे बघत होतं. काकू कोळशापर्यंत आल्या आणि थांबल्या. मग नट समारोप करतो. तो सांगतो की तीन दिवसांनी हे खडे परंपरेप्रमाणे पुन्हा नदीत सोडले जातात. बरोबर आहे. कोणत्या नदीत, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही.